गावी राहणारा भाऊ गेल्यावर: वारस नोंद, बंद घर आणि पडीक जमीन यांची कामे कोणत्या क्रमाने करावीत

कोकणातल्या पुष्कळ कुटुंबांत एक भाऊ गावी राहतो आणि बाकीची भावंडे मुंबई, ठाणे, पुणे किंवा परदेशात असतात. हा भाऊ अविवाहित असेल, किंवा पत्नी आधीच वारलेली असून मूलबाळ नसेल, तर त्याच्या पश्चात घर, कलमांची बाग, दोन-चार सर्व्हे नंबरांतले हिस्से, सोसायटीचे कर्ज आणि पतसंस्थेतली ठेव हे सगळे भावंडांकडे येते. दिवसकार्य होईपर्यंत सर्व जण एकत्र असतात. त्यानंतर जो तो आपल्या नोकरीधंद्याला परततो आणि जमिनीचा विषय पुढच्या गणपतीवर ढकलला जातो. पुढचा गणपती येईपर्यंत मात्र एक पावसाळा कौलांवरून गेलेला असतो.

हा लेख अशा भावंडांसाठी आहे. उदाहरणे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची असली तरी महसुली कार्यपद्धती महाराष्ट्रात सर्वत्र तीच आहे. वारसाहक्काचे नियम येथे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे दिले आहेत आणि ते बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू होतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, तसेच गोव्यात वारसाहक्काचा कायदा निराळा आहे.

आरंभीच एक मत स्पष्ट नोंदवतो. वारसांची नावे लागणे आणि मिळकतीचे वाटप होणे ही दोन कामे पूर्णपणे वेगळी ठेवावीत. ‘आधी कोणाला काय ते ठरू द्या, मग नावे लावू’ या एका वाक्याने जितक्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडल्या आहेत, तितक्या भांडणांनीही अडकल्या नसतील. सर्व वारसांची नावे लावून घेतल्याने कोणाचेही काही जात नाही. ती न लावल्याने मात्र सर्वांचेच नुकसान होते.

मृत्यूचा दाखला आणि घरातले कागद

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, मृताच्या गावी नव्हे. भाऊ गावचा असला तरी मृत्यू जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात झाला असेल, तर दाखला तिथल्या नगरपरिषदेकडून किंवा रुग्णालयातील नोंदणी कक्षाकडून मिळतो. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर शुल्क लागत नाही. एक वर्ष उलटून गेले असेल तर जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांचा आदेश आणावा लागतो. दाखल्याच्या भरपूर प्रती घ्याव्यात आणि दाखल्यावरचे नाव सातबारावरील नावाशी ताडून पाहावे. सातबारावर ‘बाळकृष्ण’ आणि आधार कार्डावर ‘बाळू’ अशी तफावत जुन्या माणसांच्या बाबतीत नेहमीची आहे. तशी ती असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवावे.

घराचे कुलूप उघडताना शक्यतो दोन भावंडे आणि एक विश्वासू शेजारी हजर असावेत, आणि कपाट, पेटी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा यांत जे सापडेल त्याची यादी करून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. छायाचित्रेही काढावीत. हा अविश्वास नव्हे. जो भाऊ किंवा बहीण पुढे होऊन काम करते, तिच्यावर उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून ही काळजी घ्यायची असते. शोधायचे कागद म्हणजे खरेदीखते, जुने वाटणीपत्र, फेरफाराच्या (म्हणजे सातबारावर झालेल्या बदलांच्या नोंदींच्या) नकला, घरपट्टीच्या पावत्या, पासबुके, ठेवींच्या पावत्या, विमा पॉलिसी, सोनेतारणाची पावती आणि मृत्युपत्र. मृत्युपत्र नोंदणीकृत असलेच पाहिजे असा कायदा नाही. साध्या कागदावरचेही, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या आणि ते योग्य रीतीने केलेले असले तर ग्राह्य असते, म्हणून हस्ताक्षरातला कोणताही कागद टाकून देऊ नये. भावाने हयातीत कोणाला मुखत्यारपत्र दिले असेल, तर ते त्याच्या मृत्यूबरोबर संपले. त्याच्या आधारे कोणी व्यवहार करू लागला तर त्याला तत्काळ लेखी हरकत घ्यावी.

वारस कोण, हे तारखांवरून ठरते

बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांना मिळते, आणि मुलगा, मुलगी, पत्नी व आई हे त्यांतले प्रमुख होत. वर्ग १ मधील एकही वारस नसेल तर वर्ग २ कडे जावे लागते. त्यात वडील पहिल्या नोंदीत येतात, तर भाऊ आणि बहीण दुसऱ्या नोंदीत. याचा अर्थ, आईवडील हयात नसतील आणि पत्नी वा संतती नसेल, तर भाऊ व बहिणी यांना समान हिस्सा मिळतो. बहीण विवाहित आहे, तिला लग्नात पुष्कळ दिले, ती कित्येक वर्षांत गावी आलेली नाही, यांपैकी कशानेही तिचा हिस्सा कमी होत नाही. सख्खी भावंडे असताना सावत्र भावंडांना मात्र त्याच नात्याने हिस्सा मिळत नाही.

आता पुतण्या-भाच्यांचा प्रश्न. मृताच्या आधीच वारलेल्या भावाची किंवा बहिणीची मुले वर्ग २ च्या चौथ्या नोंदीत येतात, त्यामुळे एक जरी भाऊ किंवा बहीण हयात असेल तरी या मिळकतीत त्यांना कायद्याने हिस्सा मिळत नाही. हे अनेकांना ठाऊक नसते आणि तलाठी कार्यालयातही कधी कधी सरसकट सर्वांची नावे लावली जातात. मात्र याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. जमीन आजोबांपासून सामाईक चालत आली असेल तर त्या पुतण्यांचा त्यांच्या स्वतःच्या वडिलांकडून आलेला हिस्सा त्या सातबारावर स्वतंत्रपणे आहेच, आणि तो मृत भावाच्या हिश्श्याशी मिसळू नये. दुसरे असे, की भाऊ वारला त्या दिवशी आई हयात होती आणि ती नंतर वारली, तर वर्ग १ ची वारस म्हणून भावाचा संपूर्ण हिस्सा आधी आईकडे गेला आणि आईच्या मृत्यूनंतर तो तिच्या वारसांकडे येतो. आईच्या वारसांत तिच्या आधी वारलेल्या मुलाची वा मुलीची मुलेही धरली जातात. आई भावानंतर एक दिवस जरी जगली असेल तरी वारसांची यादी अशी बदलते. म्हणून कुटुंबातील सर्व मृत्यूंच्या तारखा एका कागदावर क्रमाने लिहून मगच वंशावळ तयार करावी.

निपुत्रिक बहीण वारली असेल तर नियम आणखी वेगळे आहेत. तिला आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत माहेरी, म्हणजे वडिलांच्या वारसांकडे परत येते. तिने स्वतः कमावलेली मिळकत मात्र पती नसल्यास पतीच्या वारसांकडे जाते. आईवडील आणि माहेरची भावंडे त्यानंतरच्या क्रमाने येतात.

सातबारावर वारसांची नोंद

प्रथम भावाच्या नावे नेमकी जमीन किती आहे हे शोधावे. गावातील त्याच्या खात्याचा आठ-अ काढला की त्या गावातील सर्व गट किंवा सर्व्हे नंबर एकत्र दिसतात, पण शेजारच्या गावातली जमीन त्यात येत नाही. ती जुन्या माणसांना विचारूनच कळते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. सातबारा हाती आल्यावर केवळ क्षेत्र पाहू नये. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे लिहिले असेल तर ते नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेले आहे, म्हणजे बाकीच्या भावंडांचे हक्क त्या एका नावामागे दडलेले आहेत. अशा वेळी ती संपूर्ण जमीन मृत भावाची धरून वारस नोंद केली तर गोंधळ वाढतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद), कुळाचे नाव, बहिणींचे हक्क किंवा विक्रीवरील निर्बंध आढळतात, आणि प्रत्येक शेऱ्याचा फेरफार क्रमांक पाहून त्याची नक्कल काढल्याशिवाय त्या शेऱ्याचा अर्थ उमगत नाही. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे अशी अपेक्षा आहे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. मुदत टळली म्हणून हक्क बुडत नाही. दहा-वीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूंच्याही नोंदी होतात, आणि सातबारावर मृतांची नावे राहू नयेत यासाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीमही राबवली. अर्ज सजाच्या, म्हणजे तलाठ्याच्या, कार्यालयात प्रत्यक्ष देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन भरता येतो. त्याला मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र, वारसांची ओळखपत्रे आणि सर्व गटांची यादी जोडावी.

अर्ज आला की गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, चौकशीनंतर फेरफार घेतला जातो आणि सर्व हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त ठरून सुनावणी होते, आणि निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. येथे मुंबईकर भावंडांनी एक खबरदारी घ्यावी: अर्जात प्रत्येकाचा सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक द्यावा, कारण नोटीस गावच्या बंद घरी गेली तर ती न मिळाल्याचा वाद पुढे उभा राहतो. फेरफार मंजूर झाल्यावर प्रत्येक सातबारा पुन्हा काढून नावे, हिस्से आणि गट तपासावेत. एखादा गट सुटणे हे सर्रास घडते.

एखाद्या भावाने किंवा बहिणीने ‘मला काही नको’ असे म्हटले तरी तिचे नाव याच टप्प्यावर वगळू नये. तलाठ्यासमोर साध्या कागदावर दिलेल्या संमतीने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. आधी नाव लागू द्यावे आणि मग नोंदणीकृत दस्ताने हक्क सोडावा.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीबद्दल खरा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो. वारसांबद्दलच शंका किंवा तक्रार असेल तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. बँक ठेवी व रोख्यांसाठी लागणारे उत्तराधिकार प्रमाणपत्र हे त्याहून वेगळे असते.

घर

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला मृताचे नाव असते. तेथे मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र देऊन सर्व वारसांची नावे लावून घ्यावीत आणि थकलेली घरपट्टी भरावी. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका तयार झालेली असते, आणि तिच्यावरही वारस नोंद स्वतंत्रपणे भूमी अभिलेख कार्यालयात करावी लागते. कोकणात वाडीतली बरीच घरे गावठाणात नसून सामाईक सर्व्हे नंबरात बांधलेली असतात. अशा वेळी घर एकाचे आणि खालची जमीन अनेकांची अशी स्थिती असते, आणि ती लपवून घर विकण्याचा विचार कोणी करू नये.

घर आणि बाग राखणे

कागदांची कामे महिनोन्‌महिने चालतात, पण घर आणि झाडे तितका वेळ थांबत नाहीत. कौलारू घराचा शत्रू पाऊस आहे: एक कौल सरकले की वासा भिजतो, भिजलेल्या वाशाला वाळवी लागते, आणि आढे वाकले की जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंती उघड्या पडतात. म्हणून मृत्यू कोणत्याही महिन्यात झालेला असो, मे महिना संपण्यापूर्वी कौले परतून घ्यावीत, फुटकी बदलावीत आणि भिंतीलगतची झुडपे तोडावीत. हा खर्च सर्व वारसांनी वर्गणीने करावा आणि त्याचा हिशेब लिहून ठेवावा, कारण पुढे वाटपाच्या वेळी ‘मी घर सांभाळले’ आणि ‘तुला कोणी सांगितले होते’ हा संवाद बहुधा याच खर्चावरून होतो. विजेची जोडणी कायमची तोडू देऊ नये. बिल थोडे येते, पण एकदा जोडणी कायमची खंडित झाली की वारसांना नव्याने अर्ज करण्यापासून सुरुवात करावी लागते. उघडी विहीर असेल तर तिच्यावर जाळी बसवावी. अनेक दिवसांनी आवारात शिरताना गमबूट व काठी हवी. पालापाचोळ्यात आणि दगडी गडग्यात (हद्दीवरच्या दगडी कुंपणात) फुरसे व घोणस असतात.

आंबा-काजूच्या बागेत पहिले काम गवत काढण्याचे. पाऊस संपल्यावर वाढलेले गवत फेब्रुवारीपासून वाळून कोरडे होते आणि शेजारच्या रानात लागलेला वणवा त्यातून बागेत शिरतो. वीस-पंचवीस वर्षांची कलमे एका दुपारी जाताना पाहणे फार क्लेशाचे असते, आणि दिवाळीच्या सुमारास हद्दीलगत रुंद पट्टा साफ केल्याने बहुतांशी ते टळते. आंब्यावरचे बांडगूळ फांदीसह छाटावे, काजूच्या खोडाशी भुसा दिसला तर खोडकिडीचा इलाज करावा. याबाबत दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला उपयोगी पडतो.

बाग कोणाला द्यावी लागली तर ती लेखी करारानेच द्यावी. करार एका हंगामापुरता असावा, आणि त्यात फक्त फळे काढण्याची परवानगी आहे, जमिनीचा ताबा दिलेला नाही, हे स्पष्ट लिहावे. तोंडी अर्धेलीवर (अर्ध्या उत्पन्नाच्या बोलीवर) दिलेल्या जमिनीत पुढे कुळाचा दावा उभा राहिल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतात. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) वारसांपैकी एकाने दर हंगामात स्वतः करावी, म्हणजे पिकांच्या नोंदीत दुसऱ्याचा संबंध दिसणार नाही. झाडे तोडण्याची घाई करू नये. बेवारस वाटणाऱ्या बागेत लाकूड व्यापारी लगेच येतात, पण साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

ठेवी, विमा आणि कर्ज

नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, पण ती त्या पैशांची मालक होत नाही. इतर वारसांच्या वतीने ती रक्कम तिच्याकडे येते. विमा कायद्यात २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी व मुले यांना नामनिर्देशनाने लाभाची मालकी मिळते, पण भावंडांचा त्यात समावेश नाही. नामनिर्देशन नसेल तर लहान रकमांसाठी बँका हमीपत्रावर दावा निकाली काढतात आणि मोठ्या रकमेसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात. पासबुक सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर न मागितलेल्या ठेवी शोधता येतात. पतसंस्थांच्या ठेवी मात्र तेथे दिसत नाहीत, त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते.

विकास सोसायटीचे कर्ज आणि सोनेतारण यांची चौकशी लवकर करावी, कारण व्याज चालू असते. भावाचे कर्ज त्याच्याकडून मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेतच वारसांनी फेडायचे असते. पीएम-किसानचे हप्ते मृत्यूनंतरही खात्यात जमा होत असतील तर ते काढू नयेत आणि तसे तालुक्याला कळवावे; ती रक्कम शासन परत वसूल करते. मृत्यू अपघाती असेल आणि भाऊ शेतकरी असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी वारसांना अर्ज करता येतो का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ताबडतोब विचारावे, कारण तिथली मुदत थोडी असते.

मोजणी आणि अतिक्रमण

नावे लागल्यावर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. गडगा पाच-दहा हात पुढे सरकला आहे असे वाटत असले तरी मोजणीपूर्वी शेजाऱ्याशी वाद घालू नये. पुष्कळदा आपल्याच समजुतीतली हद्द चुकीची निघते. मोजणीच्या दिवशी किमान एक वारस हजर हवा आणि शेवटी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती घ्यावी. वाट किंवा पाणी कोणी अडवले असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करता येतो. जमिनीचा ताबाच गेला असेल तर दिवाणी दाव्याची मुदत १२ वर्षांची आहे, आणि हे दीर्घ वाटणारे वर्षांचे गणित शहरात बसून फार वेगाने संपते.

हक्कसोड, वाटप आणि विक्री

आता कुठे वाटपाच्या बैठकीची वेळ येते. ज्याला हिस्सा नको असेल त्याने दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. वडिलोपार्जित मिळकतीत सख्ख्या भावंडाच्या लाभात विनामोबदला हक्कसोड केल्यास मुद्रांक शुल्क नाममात्र असते. ऑक्टोबर २०२४ पासून ते ५०० रुपये आहे. भावाने स्वतः विकत घेतलेल्या जमिनीला ही सवलत मिळेल का, हे मसुदा करण्यापूर्वी निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. प्रत्यक्ष वाटणी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांमार्फत होते, मात्र तुकडेबंदी कायद्यामुळे जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांपेक्षा लहान तुकडे पाडण्यात अडचण येते. त्यामुळे एक गट एकाला आणि दुसरा दुसऱ्याला, अशी वाटणी अनेकदा अधिक व्यवहार्य ठरते.

भावंडांपैकी कोणी आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाला विकू लागला, तर बाकीच्यांना तो आधी विकत घेण्याचा कायदेशीर अग्रहक्क असतो असा समज आहे. उत्तराधिकार अधिनियमातील तो अग्रहक्क वर्ग १ च्या वारसांपुरता आहे. भावंडे वर्ग २ मध्ये येत असल्याने विक्रीपूर्वी एकमेकांना विचारण्याची अट आपसांतल्या लेखी समजुतीतच घालून घ्यावी.

विकायचे ठरले तर शेतजमिनीचा खरेदीदार शेतकरी असला पाहिजे, आणि जमीन कूळकायद्याच्या कलम ३२-ग खाली, म्हणजे कूळ म्हणून कसत असल्याने, मिळालेली असेल तर विक्रीवरील अटी आधी पाहाव्यात. वारसाने मिळालेल्या मिळकतीवर भारतात वारसाकर नाही, आणि नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरील ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. घर आणि बिगरशेती जागा यांना मात्र तो लागतो.

परदेशातील भाऊ किंवा बहीण वारसाने शेतजमीन धारण करू शकते, पण ती विकताना भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. त्यांनी द्यायचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे. त्यात नेमके गट नंबर आणि नेमकी कामे लिहावीत. वारस नोंद, मोजणी आणि कार्यालयांतील हजेरी एवढेच अधिकार सुरुवातीला द्यावेत आणि विक्रीचा अधिकार, खरेदीदार व किंमत ठरल्यावर, वेगळ्या मुखत्यारपत्राने द्यावा.